"आई, तू भेटायला येऊ नको": निवासी शाळेतली दोस्ती, प्रेम आणि घरची परिस्थिती

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल मी कशावर बोलू लागलेय. तुम्ही परभणी जिल्ह्यात आशा वर्कर, मालक दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पोरगं हुशार, परीक्षा देऊन अर्ध्या फीमाफीवर संभाजीनगरकडच्या एका प्रायव्हेट निवासी शाळेत सहावीला लागलं, आता नववीत आहे. मागच्या महिन्यात फोनवर म्हणालं "आई भेटायला येऊ नको, उगं एसटीला पैसे कशाला", तुम्हाला बरं वाटलं की लेकराला जाण आली. नंतर कळलं की त्या रविवारी तो एका गुत्तेदाराच्या पोराच्या घरच्यांबरोबर त्यांच्या गाडीत हॉटेलात जेवायला गेला होता, पायात त्या पोराच्या आईनं घेऊन दिलेले बूट होते आणि तिथं त्यानं वडलांचा "ट्रान्सपोर्टचा बिझनेस" आहे असं सांगितलं. वर आता शाळेतून फोन आलाय की वर्गातल्या एका डॉक्टरांच्या मुलीला लिहिलेली चिठ्ठी सापडली, येऊन भेटा. तुमचं विचारणं असं की शाळेतून काढून गावाकडं आणू का, त्या गुत्तेदाराच्या पोराची संगत तोडायला लावू का, आणि ह्या प्रेमाचं काय करू.

काढू नका. निदान वर्षाच्या मधे तरी नाही. शाळा सीबीएसईची असेल तर नववीतच बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं, मधेच हलवलं की कागदाची भानगड, पण ते सोडा, खरं कारण वेगळंय. आत्ता काढलं तर त्या लेकराच्या डोक्यात एकच हिशोब बसणार की डॉक्टरच्या पोरीकडं बघितलं म्हणून आपल्याला हाकललं, म्हणजे आपली जागा तीच होती. हे एकदा बसलं की निघायला फार वर्षं लागतात. एप्रिलमधे निवांत ठरवा, त्याला विचारून ठरवा.

मी आधी मुलींच्या वसतिगृहात गृहपाल होते, मग निवासी शाळांमधे रेक्टर, आता दोन-तीन शाळांमधे काऊन्सेलर म्हणून जाते. लातूर, बीड, संभाजीनगर सगळीकडं काम झालंय. तुमच्यासारखे पालक येतात तेव्हा पहिल्यांदा चिठ्ठीबद्दल बोलतात, मग संगतीबद्दल, आणि "भेटायला येऊ नको" हे सगळ्यात शेवटी, निघताना, पिशवी उचलता उचलता सांगतात. माझा क्रम बरोब्बर उलटा असतो. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट म्हणजे पोराला घराची लाज वाटू लागलीय. बूट, हॉटेल, ट्रान्सपोर्टचा बिझनेस आणि बऱ्यापैकी ती चिठ्ठीसुद्धा त्या लाजेच्याच पोटातून आलीय.

आता ही लाज येते कुठून ते सांगते, कारण पालकांना वाटतं सगळ्यांना एकच युनिफॉर्म, एकच मेस, एकच बेल, मग फरक राहिला कुठं. फरक युनिफॉर्ममधे दिसत नाही म्हणूनच तो बाकी प्रत्येक गोष्टीत जाऊन बसतो. कुणाची पत्र्याची पेटी आणि कुणाची चाकाची बॅग, कुणाचे कपडे लॉन्ड्रीला जातात आणि कोण रविवारी सकाळी नळावर बसून कॉलर घासतो, कुणाच्या दाताला तार आहे, कुणाच्या घरून येणाऱ्या पार्सलमधे ड्रायफ्रूट आणि कुणाच्या डब्यात चिवडा. शाम्पूची बाटली की रुपयावाली पुडी, हे सुद्धा लेकरं बघतात आणि लक्षात ठेवतात. भेटीच्या रविवारी तर सगळं उघड्यावर असतं. गेटपाशी कोण कशातून उतरलं ते वरच्या मजल्याच्या खिडकीतून अख्खी डॉर्मिटरी बघत असते. दिवाळीनंतर परत आले की "कुठं गेलतास" ह्या प्रश्नाला कुणी गोवा सांगतं, कुणी केरळ, आणि एखादं पोरगं कापूस वेचून आलेलं असतं, बोटाला चिरे पडलेले असतात, ते हात खिशात घालून उभं राहतं. ह्यात कुणी कुणाला वाईट बोललेलं नसतं बरं का. चिडवणारं कुणी सापडलं असतं तर मला सोपं गेलं असतं, त्याला बोलावून समज देता आली असती.

आणि आपल्याकडं नुसता पैसा कधीच नसतो, जात बरोबर असतेच. नवीन पोराला पहिल्या रात्री नाव विचारतात, मग गाव, मग आडनाव, आणि आडनावावर थोडा वेळ गप्प होतात. मधल्या काळात आरक्षणावरून गावोगाव वातावरण तापलं, २०२३ ला अंतरवाली सराटीच्या मराठा आंदोलनानंतर तर जास्तच, तेव्हा लेकरं सुट्टीवरून परत येताना घरातलं बोलणं जसंच्या तसं उचलून आणायची आणि सहावीपासून एका खोलीत झोपणारे दोघं अचानक पलंग बदलून मागायचे. दोन्ही बाजूची होती असं मागणारी. पैशानं बरोबरीची असून. तुमच्या पोराच्या बाबतीत हे किती आहे मला माहीत नाही पण शाळेत जाल तेव्हा कान उघडे ठेवा.

कुणी म्हणेल मग नवोदयला, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेत, असंच असतं का. असतं, पण कमी. बीडचं गढी, नांदेडचं शंकरनगर, धाराशिवचं तुळजापूर, ह्या नवोदयमधे ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या लेकरांच्या, एक तृतीयांश मुली, राहणं-जेवण-कपडे-अंथरूण सगळं सरकारचं, म्हणजे खेड्यातलं पोरगं तिथं अल्पसंख्य नसतं. नववीत तर ३० टक्के मुलं वर्षभरासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयला जातात, तिथं गुत्तेदाराचं असो की मजुराचं, हिंदीत अडखळताना दोघंही सारखेच. प्रायव्हेट निवासी शाळेत मात्र फी भरणारे बहुसंख्य आणि माफीवाले पाच-दहा, आणि कोण माफीवाला हे लपून राहत नाही. ऑफिसातून फीसाठी कधीच निरोप न येणारी पोरं लेकरांना बरोबर कळतात. त्यामुळं तुमचा मुलगा एका अर्थानं एकटा पडलाय आणि त्यानं त्यातून जगायची एक युक्ती काढलीय, थाप मारायची. पंधराव्या वर्षी एवढं सुचलं हेच लई झालं.

थापेचं काय करायचं? चारचौघात उघडी पाडू नका, त्या मित्राच्या आईला फोन करून "आमचे मालक ड्रायव्हर आहेत हो" असं तर अजिबात नाही. त्याला एकट्याला भेटा, आणि तिथंही "आम्ही पोटाला चिमटा काढून तुला शिकवू लागलोय आणि तू असं" हे वाक्य वापरू नका. मला माहितीये ते खरं आहे. पण लेकराला त्यात प्रेम ऐकू येत नाही, उधारी ऐकू येते, आणि उधारीला माणूस तोंड चुकवतो. त्यापेक्षा त्याला घरचा हिशोब दाखवा, खरा, वहीत मांडून. महिन्याला काय येतं, तुमचं मानधन कधी येतं कधी लटकतं, मालकांचे सीझनचे पैसे, त्याची फी, किराणा, आजीच्या गोळ्या. बहुतेक लेकरांना घरची परिस्थिती "बेकार आहे" एवढीच धूसर माहीत असते आणि धूसर गोष्टीची लाज जास्त वाटते. आकडे कळले की पोरं शांत होतात, काही तर उलट सल्ले द्यायला लागतात. आणि तुमच्या कामाबद्दल सांगा त्याला. रात्री-बेरात्री बाळंतिणीला घेऊन दवाखान्यात जाणारी बाई म्हणजे काय चीज असते हे त्याला कुणी सांगितलंच नसेल, घरातल्यांना आपलं काम कुठं सांगतो आपण.

आणि पुढच्या भेटीच्या रविवारी जा. तो नको म्हणला तरी जा. आधी कळवून जा, अचानक नको, नाहीतर त्याला वाटेल पकडायला आली. एसटीनं जा, नेहमीची साडी नेसून जा, उसनवारी करून गाडी करू नका, नवीन साडी घेऊ नका. फक्त डबा मोठा न्या. त्याच्या खोलीत सहा पोरं असतील तर आठ जणांचा न्या. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही पातळ होणार नाही असं बांधून. मी एवढे रविवार बघितलेत, पिझ्झाचा बॉक्स आला की चार पोरं जमतात आणि धपाट्याचा डबा उघडला की शेजारच्या खोलीतली पण येतात, मेसचं खाऊन जीव आंबलेला असतो त्यांचा. तुमचा पोरगा पहिली दहा मिनिटं तोंड पाडून बसेल. बसू द्या. तुम्ही त्याच्या मित्रांशी बोला, नावं विचारा, आडनावं विचारू नका.

आता दोस्तीकडं येऊ. त्या गुत्तेदाराच्या पोराला खलनायक करू नका, काही माहिती नसताना. श्रीमंत-गरीब पोरांची दोस्ती खरी असते का असं मला पालक विचारतात, आणि मी सांगते की हॉस्टेलमधली दोस्ती बाहेरच्यापेक्षा खरी असते कारण तिथं एकमेकाचा ताप, एकमेकाचं रडणं, आजोबा गेल्याचा फोन आल्यावरची रात्र, सगळं एकत्र निघतं. पण एक गोष्ट तपासायची असते, देणं-घेणं कुठल्या नाण्यात चाललंय. मोठ्या घरचं पोरगं बूट देतं, चॉकलेट देतं, हॉटेलात नेतं, ते दिसतं. बदल्यात आपलं पोरगं काय देतंय ते दिसत नाही. एका शाळेत एक हुशार मुलगा होता, त्याच्या हस्ताक्षरात तीन जणांच्या सायन्सच्या जर्नल सापडल्या. दुसरा एक मित्राच्या नावावरची शिक्षा स्वतःच्या अंगावर घ्यायचा, मोबाईल सापडला तर "माझा आहे सर". आणखी एक जण नुसता पोस्टमन, मित्राच्या चिठ्ठ्या मुलींच्या बाजूला पोचवायचा, पकडला गेला तेव्हा मित्र बाजूला झाला आणि हा निलंबित. म्हणून बोलताना बुटांवरून भांडू नका, सहज विचारा, तुम्ही दोघं भांडता का कधी, मागच्या वेळी कशावरून भांडलात, कोण आधी बोललं. ज्या दोस्तीत गरीब बाजूचं पोरगं कधीच भांडत नाही, कायम हसून घेतं, तिथं मला काळजी वाटते. दोघं कडकडून भांडतात आणि संध्याकाळी एका ताटात जेवतात तिथं मी निर्धास्त असते.

बूट परत करू नका, त्यानं पोराचीच मान खाली जाईल. फेड करा, पण आपल्या पद्धतीनं. त्या आईसाठी घरचं येसर, काळा मसाला, दोन किलो तुरीची डाळ, गूळ असं काही पोराच्या हातून नाही तर तुमच्या हातून द्या आणि फोन करून सांगा की तुम्ही आमच्या लेकराला जेवू घातलं, आता तुमचं लेकरू आमच्याकडं पाठवा. हुरड्याच्या दिवसात बोलवा. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, माझ्या बघण्यात ह्याच्याइतकं कामाला आलेलं दुसरं काही नाही. तुमचं पोरगं आत्तापर्यंत फक्त पाहुणा आहे, त्यांच्या गाडीत, त्यांच्या हॉटेलात. एकदा तो यजमान होऊ द्या, आगटीपाशी कणसं भाजून त्यानं मित्राला हुरडा चोळून द्यायचा, विहिरीत पोहायला शिकवायचं, वडलांच्या मागं ट्रॅक्टरवर बसवायचं. जालन्याकडच्या एका व्यापाऱ्याचं पोरगं असंच मित्राच्या गावी राहून आलं आणि येऊन मला म्हणलं "मॅडम त्याचे पप्पा रिव्हर्समधे ट्रॉली लावतेत, एका दमात!" त्या ट्रॉलीची महती वर्गात आठवडाभर चालली. तुमचे मालक पण लावतच असतील की. तुम्हाला वाटेल आपल्या घरात काय आहे दाखवायला, संडास बाहेर, पंखा एकच. राहू द्या. ज्याला खटकेल तो परत येणार नाही आणि तेही पोराला कळलेलं बरं.

आता चिठ्ठी. नववीतल्या प्रेमाला मी प्रेमच म्हणते, थट्टा करत नाही, कारण थट्टा केली की पुढचं काही आपल्याला सांगत नाहीत. पण हॉस्टेलमधलं प्रेम असतं किती ते बघा. मेसच्या लाईनीत एकमेकाकडं बघणं, वॉटर कूलरपाशी दोन मिनिटं, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला एका ग्रुपमधे यायची खटपट, आणि बाकी सगळं मित्रांनी चालवलेलं. ती जिन्यातून गेली की मागून "वहिनी, वहिनी". निम्मी प्रकरणं तर मित्रांनीच जोडी लावल्यामुळं पेटलेली असतात, त्या दोघांनी धड चार वाक्यं बोललेली नसतात. अशा चिठ्ठ्या मला कामाचा भाग म्हणून भरपूर वाचाव्या लागल्यात. मुलगा साध्या घरचा आणि मुलगी मोठ्या घरची असली की चिठ्ठीत तिच्याबद्दल दोन ओळी आणि "कलेक्टर होऊन दाखवीन", "तुझ्या पप्पांसमोर ताठ मानेनं येईन" ह्याच्यावर अख्खं पान. तुमच्या मुलाचीही तशीच असली तर मला नवल वाटणार नाही. तिथं मुलगी आवडणं आहेच, पण तिच्या घरात आपल्याला घेतील का हा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि त्याचं उत्तर ती बिचारी पंधरा वर्षांची मुलगी कुठून देणार.

म्हणून त्याला "तिचा नाद सोड" एवढंच म्हणून भागणार नाही. विचारा की तिला काय वाटतं हे तुला माहितीये का. ती नाही म्हणली असेल आणि हा लिहीतच असेल तर तिथं मात्र कडक व्हा, परिस्थितीची दया दाखवू नका, गरिबाच्या पोरानं त्रास दिला तरी तो त्रासच असतो. ती पण बोलत असेल तर सांगा की बोल, पण लपून भेटणं नाही, फोटो मागणं-पाठवणं नाही. कायदा त्याला आत्ताच कळू द्या. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, त्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक, आणि शारीरिक संबंधात दोघांची मर्जी होती हे कायद्यात धरलं जात नाही. चिठ्ठी लिहिणं हा गुन्हा नाही, हे शाळेलाही ठणकावून सांगा. पण नको ते फोटो फोनमधे ठेवणं, पुढं ढकलणं हा गंभीर गुन्हा आहे, मित्रानं पाठवलेला असला तरी. सुट्टीत घरी इन्स्टा हातात आलं की हॉस्टेलमधलं दोन मिनिटांचं प्रेम रात्रभराचं होतं, म्हणून सुट्टीतल्या फोनकडं शाळेपेक्षा जास्त लक्ष द्या.

शाळेत भेटायला जाल तेव्हा त्या मुलीचाही विचार डोक्यात ठेवा, हे मी हात जोडून सांगते. अशा प्रकरणात पोराला चार दिवस घरी पाठवतात आणि परत घेतात, पोरीचं तसं होत नाही. तुमच्या केसमधे डॉक्टरांची मुलगी आहे, फार तर शाळा बदलेल. हेच उलटं असतं, मुलगा बंगल्यातला आणि मुलगी ऊसतोडीच्या घरची, तेव्हा काय होतं ते मी बघितलंय. बीडकडची मुलगी, आई-बाप दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर गेलेले, मुकादमाची उचल अंगावर. चिठ्ठी सापडली, शाळेनं फोन केला, बाप फडातून उठून आला, दोन दिवसांचा रोज बुडवून. तो मारकुटा नव्हता, रडत होता. "आम्ही तिकडं कोपीत, ही इकडं अशी, कुणाच्या भरवशावर ठेवू मॅडम?" आणि तिथून थेट लग्नाची बोलणी. सरकारच्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (एनएफएचएस) पाचव्या पाहणीत, म्हणजे २०१९-२१ ची, राज्यात २०-२४ वयाच्या साधारण २२ टक्के बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली आणि परभणी, बीड त्याच्या कितीतरी वर. त्या आकड्यात अशा चिठ्ठ्या पण आहेत. त्या मुलीच्या वेळी १०९८ ला, म्हणजे चाइल्डलाईनला, कळवलं, गावच्या ग्रामसेवकाला गाठलं, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच असतो, तुम्ही आशा आहात तुम्हाला हे माहीतच असेल. लग्न थांबलं. बापाशी बोलणी लई दिवस चालली, शेवटी मुलीला सरकारी वसतिगृहात जागा मिळाली आणि दहावी झाली. तो मुलगा? तो आठवड्यात परत वर्गात होता, कुणी त्याला एक प्रश्न विचारला नाही. (ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय.)

तर शाळेत गेल्यावर प्रिन्सिपॉलच्या केबिनमधे शिरायच्या आधी रेक्टरला भेटा, रात्री लेकरू रडतं का हे रेक्टरला माहीत असतं. चिठ्ठी वर्गात किंवा स्टाफरूममधे वाचून दाखवली का विचारा, दाखवली असेल तर तो मानसिक छळ आहे असं शांतपणे बोला. दोन्ही घरच्यांना समोरासमोर बसवू देऊ नका, डॉक्टरसाहेब चिडून काही बोलले आणि पोरानं ते ऐकलं तर मी वर सांगितलेलं सगळं पाण्यात. आणि एक प्रश्न तुमच्याही लक्षात आलेला दिसत नाही: तुमच्या परवानगीशिवाय शाळेनं तुमच्या मुलाला दुसऱ्याच्या पालकांबरोबर गेटबाहेर सोडलंच कसं? आऊटपासवर कुणाची सही आहे ते बघायला मागा. चिठ्ठीपेक्षा ही चूक मोठी आहे आणि ती शाळेची आहे. हे विचारलं की केबिनमधला आवाज आपोआप खाली येतो, अनुभव आहे. फीमाफी आहे म्हणून दबून बोलू नका. माफी पोरानं परीक्षा देऊन मिळवलीय.

जमलं तर पालकसभेत दोन-चार गोष्टी मांडा, एकट्या नाही, अजून पालक बरोबर घेऊन. पॉकेटमनी सगळ्यांचा रेक्टरकडं जमा आणि सगळ्यांना एकच मर्यादा. पार्सलमधलं खाणं खोलीत वाटून संपवायचं, पेटीत कुलपात नाही. वाढदिवस महिन्यातून एकदा सगळ्यांचे एकत्र. ह्यानं श्रीमंती जात नाही पण रोज डोळ्यात खुपत नाही. समानतेवरच्या भाषणांवर माझा फार विश्वास नाही. मुझफ्फर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५४ ला अमेरिकेत ओक्लाहोमाच्या एका कॅम्पात २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली, पोरं एकमेकांच्या जिवावर उठली, मग त्यांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, काही उपयोग नाही. कॅम्पाचं पाणी बंद पडलं आणि सगळ्यांना मिळून बिघाड शोधायला लागला, तशी अजून दोन-चार कामं पडली, तेव्हा कुठं मवाळ झाली. ती मुलं सगळी एकाच थरातल्या घरांमधली होती, हे खरं, पण हे वाचलं तेव्हा मला हसू आलं कारण पाण्याचा प्रयोग आपल्याकडं देव दरवर्षी करतो. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्यात मी तिकडंच होते. सुट्टीतल्या जादा तासांना थांबलेल्या मुली, माणशी एक बादली, टँकर आला की साखळी करून उभ्या. त्या दिवसात शाम्पूवरून कुणी कुणाला जोखलं नाही, कारण डोकं धुवायलाच मिळत नव्हतं, आणि बादली उचलायची सवय असलेल्या खेड्यातल्या पोरी एकदम लीडर झाल्या. पावसाळा आला तसं थोडं थोडं परत पहिल्यासारखं झालं म्हणा. पण त्यातल्या काही जोड्या अजून एकमेकींच्या लेकरांच्या बारशाला जातात. म्हणून मी शाळांना सांगते की एकत्र काम द्या, खरं काम, मेसचं वाढणं, भाजीचा वाफा, आजारी पोरापाशी पाळीनं बसणं, आणि त्यात माफीवाला-फीवाला असं बघू नका.

एक शेवटचं राहिलं. प्रकरण मोडलं, ती बोलायची बंद झाली किंवा शाळा सोडून गेली, तर तुमच्या पोराला ते हॉस्टेलमधे काढणं जड जाईल, घरी निदान दार लावून बसता येतं, तिथं तीच मेस, तोच जिना, तेच चिडवणारे. पहिले पंधरा दिवस रेक्टरला रोज विचारा की जेवतोय का, झोपतोय का. आपल्या वस्तू वाटून टाकू लागला, "माझं काय राहिलंय" असं काही बोलला, हाताला कापल्याच्या खुणा दिसल्या, तर परीक्षा बिरीक्षा बाजूला ठेवून त्याच दिवशी जाऊन घेऊन या आणि डॉक्टरला दाखवा. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, नंबर १४४१६, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. हा नंबर त्याच्या वहीच्या मागं आत्ताच लिहून ठेवायला सांगा. त्याला एकट्यालाच दिला असं वाटायला नको, म्हणून खोलीतल्या सगळ्याच पोरांना द्या, धपाटे वाढता वाढता.